बारीक लीडचा हट्ट कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत हाताने घडवलेल्या वस्तूंबद्दल अधूनमधून वाचायला मिळते, म्हणून हे पत्र. मी निवृत्त ड्राफ्ट्समन. नागपूरच्या लकडगंजातून सागवानाचे तुकडे आणतो आणि घरच्या लहान लेथवर पेन आणि खटका दाबून लीड पुढे येणाऱ्या पेन्सिली घडवतो.

गिऱ्हाईक लाकूड निवडायला अर्धा तास घेते, रेषा उजेडात धरून बघते. लीडचे विचारले की, "काका, बारीकच टाका, ०.५," (म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची) एवढ्यात विषय संपतो. खरे तर लाकडाआधी लीड ठरवायला हवी. लाकूड नंतर घासून पॉलिश करता येते, पण ०.५च्या यंत्रात ०.७ची लीड जाणार नाही. आतला पितळी चिमटा आणि तोंडाची नळी एकाच मापाची असतात.

पाकिटावर ०.५ छापलेली लीड मायक्रोमीटरवर ०.५६च्या आसपास भरते, तरी ती नाजूकच. एकाच मालाची लीड दुप्पट जाड केली तर ती मोडायला आठपट जोर लागतो. त्यात सागवानी पेन्सिल हाताला जाड. पकड घट्ट बसते, माणूस नकळत दाबून लिहितो आणि लीड कट्कन जाते. पुढचा तुकडा इतका आखूड उरतो की तो चिमट्यात येत नाही. मागची लीड त्याला ढकलते, तो नळीत गोल फिरतो, रेघ हलते. मग फोन येतो, "काका, तुमची पेन्सिल बिघडली."

म्हणून रोजच्या लिहिण्याला माझी पसंती ०.९ला. जाड लीड तिरकी झिजते, तिला एक धार येते. पेन्सिल बोटांत जराशी फिरवली की त्याच धारेने रफार आणि अनुस्वार स्वच्छ उमटतात. शिवाय तिच्यात मऊ २बी चालते, ०.५मध्ये २बी घालणे म्हणजे मोडायला आमंत्रण, तिथे जरा कडक एचबीच बरी.

आलेखाच्या कागदावर मात्र ०.९ नको. तिथला सर्वांत लहान चौकोन १ मिलिमीटरचा, एका रेघेत बुजून जातो. नववी-दहावीच्या मुलांनी आणि वहीत बारीक आकडे मांडणाऱ्यांनी खुशाल ०.५ घ्यावी. आम्ही ड्रॉइंग बोर्डावर वापरायचो ती २ मिलिमीटरची क्लच पेन्सिल वेगळ्याच जातीची. तिला पॉलिश पेपरवर घासून टोक काढावे लागते, आणि बाही काळी होते ती वेगळीच.

अडचण रिफिलची आहे. जूनअखेर आपल्याकडच्या शाळा उघडतात तेव्हा बर्डीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, पण ०.९ची लीड मागितली की बहुतेक ठिकाणी, "चालत नाही काका," हेच उत्तर. ठेवलीच नाही तर चालेल कशी? दुकानदारांनी एचबी आणि २बीची थोडी तरी पाकिटे ठेवावीत. आणि माझ्यासारख्या घडवणाऱ्यांनी लीडचा आकडा क्लिपखाली कोरून द्यावा. भेट मिळालेली पेन्सिल घेऊन माणूस काउंटरवर उभा असतो आणि तिच्यात कोणती लीड जाते, हे त्यालाही ठाऊक नसते आणि दुकानदारालाही.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, नागपूर