ओट्यावरचा डबा

माटुंगा,
रविवार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. समोर बोलले असते तर "आई, प्लीज" म्हणत तू कानात इअरफोन खुपसले असतेस.

काल सकाळी दादरच्या फुलबाजारात ती भेटली, जिला काही न सांगता तू उत्तरं देणंच बंद केलंस. "काकू, ओंकार बरा आहे ना?" एवढंच विचारलं. हातातल्या शेवंतीच्या पुडीचा दोरा सोडत होती, परत बांधत होती. मी म्हटलं, बरा आहे. तिचा चेहरा उतरला. तू आजारी असतास तर तिला सोपं गेलं असतं रे.

रात्री तू म्हणालास, "सीरियस काही नव्हतंच, कॅज्युअल होतं." असेल. २०१२ मध्ये टिंडर हे जोडीदार शोधायचं ॲप आलं, तेव्हा तू हाफ पॅन्टीत होतास. या ॲपांवर सगळं खापर फोडायला मी तयार नाही. आमच्या वेळीही कांदेपोहे खाऊन "कळवतो" म्हणायचे आणि कळवायचेच नाहीत. फोन वाजला की तुझी आजी पदराला हात पुसत धावायची.

बारावीच्या वर्गाला मी दरवर्षी २००३ सालचा एक प्रयोग सांगते. माणसाला स्कॅनरमध्ये झोपवून कॉम्प्युटरवर चेंडू टाकण्याचा खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीच्या दोघांनी त्याच्याकडे चेंडू टाकणंच बंद केलं. मेंदूचा जो भाग तेव्हा जागा झाला, तो शरीराला दुखलं की जागा होणाऱ्यांपैकी. आणि ते दोघे तर खरे नव्हतेच, त्यांच्या जागी कॉम्प्युटरच खेळत होता! तुम्ही चार महिने वरळी सी फेसवर एका छत्रीत भिजलात.

मागच्या पावसाळ्यात तू स्वतः तिच्या जागी होतास. निळी टिक दिसायची, उत्तर यायचं नाही. जेवताना फोन पालथा ठेवायचास आणि दर दोन घासांनी उलटून बघायचास. रात्री दोनला तुझ्या दाराखालून उजेड दिसायचा. विचारलं की तेव्हाही हेच, "काही नव्हतंच." काही नव्हतं म्हणून रडायचीही चोरी.

लग्न कर, असं मी म्हणत नाहीये. नको असेल तर नको म्हण, पण तोंडाने म्हण.

गणपतीत तिने मोदक आणलेला डबा अजून आपल्याकडेच आहे, तिच्या आईचं नाव कोरलेला. रिकामा परत देत नाहीत, म्हणून नारळाच्या वड्या भरल्यात. पत्र त्याच्याचखाली ठेवतेय. डबा मी नेऊन देणार नाही.

तुझी,
आई