सचिन, कान तपासून घे

चि. सचिन यास अनेक आशीर्वाद.

परवा तू चिडून फोन ठेवलास. फोनवर मला निम्मं कळत नाही, म्हणून लिहितो.

पाळी सुटल्यावर कानात शिट्टी वाजते, सकाळी थांबते, असं तू आईला म्हणालास. मागावरून घरी आल्यावर माझंही अगदी असंच व्हायचं. सकाळी थांबतंय म्हणजे बरं झालं, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. तपासून घे रे.

तुमच्या कारखान्यात दरवर्षी आवाज ऐकू आला की बटण दाबायला लावून कान तपासतात आणि तुझा आलेख सरळ आहे, हे ऐकून बरं वाटलं. पण डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून दाखवलं. आतल्या शंखात बाहेरच्या रांगांच्या केसपेशी असतात, एका कानात साधारण १२ हजार. आवाज आला की त्या हलतात आणि त्यातून बारीकसा आवाज परत बाहेर येतो. कानात छोटा माइक घालून तो मोजतात. १९७८ साली केम्प नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने तो शोधला. ओएई म्हणतात त्या तपासणीला. गोंगाटाने आधी याच पेशी मरतात, पुन्हा येत नाहीत. आलेख सरळ असतानाही ओएईत कमी दिसू शकतं. माझा आलेख काढला तेव्हा ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजापाशी, खड्डाच होता, तिथलं ऐकूच कमी येत होतं.

आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, तुमच्या प्रेसपाशी किती भरतं ते विचार. कानातले प्लग पाळीभर घाल, साहेब आल्यावर नुसते नकोत. हे फार झालं, रागावू नकोस. घरात पहिला डिप्लोमा तुझा, हाताखाली माणसं आहेत, तुला कळतं सगळं.

डबा घेऊन यायचास तेव्हा शेडच्या दारातच दोन्ही कान दाबून उभा राहायचास. मी खुणेने बोलवायचो, तू मान हलवायचास. धोट्याच्या खडखडाटात तू काय ओरडायचास ते ओठांवरून कळायचं. आता मालनची पोर आजोबा म्हणते तेही ओठांवरूनच कळतं. तुझं असं होऊ नये, दुसरं काही मागणं नाही.

सुट्टीच्या दिवशी जा, पाळीवरून थेट नको, कान आदल्या दिवसापासून शांत असावेत. सर्दी असेल तर पुढचा रविवार धर. ओएईचं नाव घेऊन माग. कागदाचा फोटो मालनच्या फोनवर टाक, ती मला वाचून दाखवेल.

आईने मेतकूट बांधून ठेवलंय, दिवाळीला येशील तेव्हा ने. आणि या रविवारी जातोस का ते मेसेजने कळव.

तुझे,
आप्पा