तिला मध्येच उतरता येतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रवासातल्या प्रेमकथांवर आलेला लेख वाचला. दोन अनोळखी माणसं, लांबचा रस्ता, वाटेत भांडणं आणि शेवटी लग्न, हा विनोदी चित्रपटांचा प्रकार मोबाइलने संपवला, असं लेखकाचं म्हणणं आहे. हातात नकाशा आहे, बसल्या जागी गाडी बोलावता येते, समोरचा कोण हे मिनिटभरात कळतं, मग दोघं अडकणार कशी, असं ते विचारतात. उपाय म्हणून पटकथाकारांनी पात्रांना रेंज नसलेल्या ठिकाणी न्यावं, असंही सुचवतात. हे चित्रपट मी तरुणपणापासून आवडीनं पाहत आले आहे आणि नोकरीतली बरीच वर्षं फिरतीवर एकटीनं काढली आहेत. मला हे निदान मुळीच पटलं नाही, आणि सुचवलेला उपाय तर घातक वाटला. म्हणून हे पत्र.

या प्रकाराचा आदर्श म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो फ्रँक काप्रा यांचा १९३४चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ आधी बघू. आपल्याकडे त्याच कथेवर १९५६मध्ये ‘चोरी चोरी’ आला, १९९१मध्ये ‘दिल है कि मानता नहीं’ आला, त्यामुळे मूळ चित्रपट न पाहिलेल्यांनाही गोष्ट ठाऊक असते. बापानं लग्न मान्य केलं नाही म्हणून श्रीमंत घरातली एली बापाच्या बोटीवरून पाण्यात उडी मारून पळते आणि न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसते. नोकरी गेलेला बातमीदार पीटर त्याच बसमध्ये असतो. मागच्या एका सीटवरून दोघांचं वाजतं.

आता त्या काळी मोबाइल नव्हता म्हणून एलीचा पत्ता कुणाला लागत नव्हता, असं आहे का? तिचा फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आहे. बापानं गुप्तहेर सोडले आहेत, पुढे दहा हजार डॉलरचं बक्षीसही लावलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटर वर्तमानपत्र तिच्यापुढे धरतो. ती कोण, कुणाची, कुठे निघाली, सगळं त्याला कळलेलं आहे आणि ते त्याला कळल्याचं तिलाही कळलेलं आहे. अजून चित्रपट नुकता सुरू झाला आहे! पुढचा सगळा प्रवास ही माहिती दोघांच्या हातात असताना होतो. म्हणजे माहिती नसणं हे या गोष्टीचं इंधन कधी नव्हतंच. माणसाचं नाव, गाव, फोटो कळला तरी रात्र पडल्यावर तो कसा वागेल हे कळत नाही, ते तेव्हाही कळत नव्हतं आणि आजच्या फोनमध्येही दिसत नाही.

आणि म्हणूनच त्या चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग खोलीतला आहे. पावसानं पूल वाहून गेला आहे, बस पुढे जात नाही, जवळ पैसे थोडे. पीटर नवरा-बायको म्हणून एकच खोली घेतो. एली रागावून दारात उभी. तो दोन पलंगांच्या मधोमध दोरी बांधतो आणि त्या दोरीवर पांघरूण टाकतो. त्याला तो बायबलमधल्या, तुताऱ्यांच्या आवाजानं कोसळलेल्या जेरिकोच्या तटाचं नाव देतो आणि भिंत पाडायला आपल्याकडे तुतारी नाही, असं सांगतो. आपला चांगला पायजमा-सदरा तिला देतो. त्याच खोलीत तो आपला स्वार्थही सांगून टाकतो: तुझी बातमी मला हवी आहे, ती दिलीस तर तुला न्यूयॉर्कला पोचवतो, नाहीतर बापाला कळवतो. यातली धमकी मला आवडत नाही. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्याला काय हवंय हे तिला खोलीतल्या पहिल्याच रात्री स्पष्ट कळलेलं असतं, आणि जे त्यानं मागितलेलं नाही ते तो रात्रीतून घेत नाही. पांघरूण सकाळपर्यंत जागेवर राहतं.

कुणी म्हणेल, ती सेन्सॉरची सोय होती. हॉलिवूडची आचारसंहिता कडक रीतीनं अमलात आली ती १९३४च्या जुलैपासून, आणि हा चित्रपट लागला फेब्रुवारीत. काप्रांना तेव्हा पुष्कळ मोकळीक होती. तरी त्यांनी पांघरूण टांगलं, कारण गोष्टच त्या पांघरुणावर उभी आहे. प्रेक्षक दीड तास वाट बघतो ती ते पडण्याची, आणि त्यातली बहुतेक गंमत ते न पडण्यातून येते. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही प्रमुख ऑस्कर त्या चित्रपटाला मिळाली.

मी फिरतीवर असताना रात्रीच्या गाड्यांनी पुष्कळ जायचे. एकट्या बाईचा प्रवास सुरू होतो तो गाडीत चढण्याच्या आधी. कुठली सीट घ्यायची, शेजारी कोण येतंय, ड्रायव्हरच्या आरशात आपण दिसतो का, उतरायचं ठिकाण खरं सांगायचं की एक थांबा पुढचं. घ्यायला कुणी येणार नसलं तरी ‘भाऊ येतोय’ हे मोठ्यानं म्हणायचं. हे सगळं मनात आपोआप चालतं, ते चालू असताना आपण शेजाऱ्याशी हसून बोलतही असतो. सोबतच्या पुरुषांना याची कल्पना नसायची, आणि अनेक पटकथाकारांनाही ती नाही असं वाटतं.

एकदा रात्री गाडी बंद पडली. कंडक्टर दुसऱ्या गाडीची सोय बघायला गेला, पुष्कळ लोक मिळेल त्या वाहनानं निघून गेले. राहिलो आम्ही चार-पाच जण, त्यात बाई मी एकटी. माझ्या बाजूच्या सीटवर एक मध्यमवयीन गृहस्थ होते. गप्पा झाल्या होत्या, माणूस सभ्य वाटला होता, पण वाटणं वेगळं. ते उठले आणि म्हणाले, “ताई, आम्ही सगळे खाली बसतो. तुम्ही आतून दार लावून घ्या. दुसरी गाडी आली की कंडक्टर आवाज देईल. तो आल्याशिवाय दार उघडू नका, मी सांगितलं तरी उघडू नका.” आणि बाकीच्यांना घेऊन ते खाली उतरले. मी दार लावलं आणि चक्क झोपले. त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही आणि पुढे ते कधी भेटलेही नाहीत. यात प्रेमकथा अजिबात नव्हती. पण ‘मी सांगितलं तरी उघडू नका’ हे वाक्य ज्याला सुचतं, तो माणूस कसा आहे हे कळायला दुसरं काही लागत नाही. असं एक वाक्य पटकथाकाराला सापडलं, तर नायिका त्या माणसाच्या प्रेमात का पडली हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागणार नाही.

इम्तियाज अली यांच्या २००७च्या ‘जब वी मेट’मध्ये हे भान आहे. नायिका गीत गाडीत शिरल्यापासून आदित्य या अनोळखी माणसाशी अखंड बोलते, तिला कशाचीच भीती नाही असं वाटतं. मग रतलाम स्टेशनवर तिची गाडी सुटते. मध्यरात्र. स्टेशनमास्तर मदत करायची सोडून एकट्या मुलीनं कसं वागावं याचं प्रवचन देतो आणि फलाटावरचे पुरुष तिच्याभोवती घोटाळायला लागतात. तेव्हा ती आदित्यबरोबर चालायला लागते, आणि त्या चालण्यात पहिल्यांदा तिची बडबड आणि तिची भीती एकत्र दिसते. तो प्रसंग काढून टाकला तर पुढचा सगळा प्रवास नुसता हुंदडण्याचा होईल. आदित्य तेव्हा नायकासारखा वागतही नाही. तो इतका खचलेला आहे की त्याला कुणाकडून काहीच नको आहे, आणि तिला त्याच्याबरोबर सुरक्षित वाटतं ते आधी त्यामुळेच.

अलीकडे फोनवर आणि टीव्हीवर या प्रकारातले जे चित्रपट बघते, त्यांत मला वेगळंच दिसतं. मुलगी सावध असली की ती ‘टेन्शन घेणारी’ ठरते. ती गाडीचा नंबर मैत्रिणीला पाठवते, त्यावर नायक हसतो आणि दिग्दर्शकाला आपणही हसावं असं वाटत असतं. हॉटेलात एकच खोली शिल्लक, खोलीत एकच पलंग. तिचा फोन बंद पडतो, किंवा तो तिच्या हातून पडून फुटतो, किंवा नायक तो काढून घेतो आणि ‘जरा जगून बघ’ असं म्हणतो. शेवटी ती सावधपणा सोडते आणि त्याला तिचं मोकळं होणं म्हटलं जातं. पुरवणीतल्या लेखानं सुचवलेला रेंज नसलेला घाट याच वाटेवर आहे. तिथे ती थांबते कारण तिला दुसरीकडे जाताच येत नाही. अशा थांबण्यातून तिच्या मनाबद्दल काहीही कळत नाही.

जुन्या चित्रपटातही सगळं निर्मळ नव्हतं, हे लिहायलाच हवं. ओढा ओलांडताना पीटर एलीला खांद्यावर टाकतो आणि वर एक चापटीही मारतो. पुढे तिच्या बापाशी बोलताना, हिला रोज एक ठोसा देणारा माणूस हवा, अशा अर्थाचं बोलतो. प्रेक्षागृहात त्यावर हशा पिकतो. मला ती दोन्ही ठिकाणं दर वेळी खुपतात, आणि ‘तो काळच तसा होता’ म्हणून ती मागे टाकता येत नाहीत. ज्या लेखणीनं पांघरूण टांगलं त्याच लेखणीनं हेही लिहिलं. नवीन लिहिणाऱ्यांनी काय उचलावं आणि काय टाकावं, ते इथे इतकं जवळजवळ आहे.

जाता जाता, टाकलेल्या नवऱ्या मुलाबद्दल. या कथांत एक ठरलेला वर असतो आणि त्याला मूर्ख, गर्विष्ठ किंवा भित्रा केल्याशिवाय लेखकांना चैन पडत नाही. एलीचा वर ऑटोगायरोतून, म्हणजे हेलिकॉप्टरसारख्या दिसणाऱ्या जुन्या विमानातून, लग्नाला उतरतो, तिथेच त्याचा निकाल लागतो. चांगल्या माणसाला नाही म्हणणं जास्त अवघड असतं, आणि त्यात चित्रपटाला जास्त मिळेल. यावर कधीतरी वेगळं लिहीन.

मूळ मुद्द्याकडे येते. फोन चालू, नकाशा उघडा, बॅटरी भरलेली असतानाही ही गोष्ट सांगता येते, कारण फोनमुळे पात्राला निघून जाणं सोपं झालं आहे आणि त्यामुळे थांबण्याला किंमत आली आहे. याची उदाहरणं मोबाइलच्या आधीचीही आहेत. १९८९च्या ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ची सुरुवात शिकागो ते न्यूयॉर्क या अठरा तासांच्या गाडीच्या प्रवासानं होते. हॅरी हा सॅलीच्या मैत्रिणीचा प्रियकर. वाटेत तो सॅलीच्या मागे लागू पाहतो, ती नाही म्हणते, वाद होतो, गाडी पुढे जाते. न्यूयॉर्कला हात मिळवून दोघं आपापल्या वाटेनं जातात आणि पुढची भेट पाच वर्षांनी होते. त्या नकाराबद्दल सॅलीला कसलाही दंड भरावा लागत नाही, आणि पुढच्या सगळ्या मैत्रीचा पाया तिथे पडतो. १९९५च्या ‘बिफोर सनराइज’मध्ये तर सेलीनला पॅरिसच्या आगगाडीत नुसतं बसून राहायचं आहे, ती गाडी तिला घरी नेणारच आहे. गाडीतच भेटलेल्या जेसीला व्हिएन्नाला उतरण्याबद्दल तिचं मन वळवावं लागतं. त्याच्याकडे हॉटेलचे पैसे नाहीत, रात्रभर रस्त्यांवरून फिरायचं हे तो आधी सांगतो. ती स्वतःची बॅग घेऊन उतरते. रेंज गेली म्हणून नव्हे, तर तिला उतरावंसं वाटलं म्हणून.

गाडीचा अजून एक गुण लेखात राहून गेला आहे. शेजारी शेजारी बसलेली माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, दोघांची नजर समोरच्या रस्त्यावर असते. अवघड गोष्टी तशा बोलता येतात. मुलाखतीत किंवा जेवणाच्या टेबलावर जे बोलायला वर्ष लागेल ते गाडीत दोन तासांत निघतं. आणि कॅमेऱ्याला मात्र दोन्ही चेहरे एकाच चौकटीत समोरून मिळतात: जे त्या दोघांना एकमेकांच्या चेहऱ्यावर दिसत नाही ते आपल्याला दिसतं. हे तंत्र कुठल्याही फोननं बिघडत नाही.

आपल्या समीक्षकांना एक विनंती आहे. असा चित्रपट बघताना नायक-नायिकेची केमिस्ट्री, गाणी, निसर्गदृश्यं यांच्याबरोबर दोन गोष्टी तपासाव्यात. मध्यंतरापर्यंत तिला त्या गाडीतून उतरून आपल्या आपण घरी जाता येत होतं का? आणि तो विश्वास ठेवण्याजोगा आहे हे तिला कशावरून कळलं, त्याच्या कुठल्या वागण्यावरून? पटकथेत याची उत्तरं नसतील तर परीक्षणात तसं स्पष्ट लिहावं. पुरवणीतल्या लेखाचे लेखक अभ्यासू आहेत, त्यांनी दिलेल्या चित्रपटांपैकी बरेच माझ्याही आवडीचे आहेत. त्याच चित्रपटांना हे दोन प्रश्न लावून त्यांनी पुन्हा एकदा लिहावं. मी आवर्जून वाचीन.

आपली,
फिरतीच्या नोकरीतून निवृत्त झालेली एक वाचक