नोंदीतले टिंब राहिले, तक्रार मात्र ‘निकाली’

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
इंटरनेट सेवा विभाग

विषय : स्टॅटिक (कायमच्या) आयपी पत्त्याची रिव्हर्स डीएनएस नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, चुकीची केल्याबद्दल

महोदय,

शिरोली एमआयडीसीत आमची लहान फाउंड्री आहे. मेल सर्व्हर आमचा आम्ही चालवतो आणि त्यासाठीच तुमची लीज्ड लाइन, आठ आयपींच्या ब्लॉकसह, घेतली. जूनमध्ये तुम्ही तो ब्लॉक बदललात. पूर्वसूचना म्हणजे आदल्या संध्याकाळचा एक एसएमएस.

आमच्या हातात होते ते, म्हणजे ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) आणि एसपीएफ (आमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो त्याची यादी), आम्ही त्याच रात्री बदलले. तरी दुसऱ्या दिवसापासून जीमेलला पाठवलेली पत्रे ‘५५०-५.७.२५’ असा शेरा घेऊन परत येऊ लागली. पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर नोंद (हीच ती रिव्हर्स नोंद) नाही, किंवा नोंदीतले नाव उलटून त्याच आयपीवर येत नाही, असा त्याचा अर्थ. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने ही अट सगळ्याच पाठवणाऱ्यांना घातली आहे, त्यामुळे त्यांच्याशी भांडण नाही. पुण्याच्या एका पंप कारखान्याचे मेल गूगलवर आहे. त्यांना पाठवलेले कोटेशन परत आल्याचे आम्हाला दोन दिवसांनी कळले, तोवर ऑर्डर दुसऱ्याला गेली होती.

तुमच्या कॉल सेंटरने चार वेळा एकच सांगितले : ‘सर, डोमेनच्या पॅनेलमध्ये नोंद टाका.’ डोमेनच्या पॅनेलमध्ये नावावरून आयपी सापडतो. आयपीवरून नाव सापडते ते इन-अ‍ॅडर डॉट आर्पाच्या झोनमध्ये (उलट्या नोंदींच्या यादीत), आणि तो ज्याचा ब्लॉक त्याच्याकडे असतो. आयपीचा सातबारा तुमच्या नावावर आहे, आम्ही फक्त कूळ. जुन्या आयपीची नोंद तुमच्याच एका इंजिनियरने फोनवर दहा मिनिटांत करून दिली होती. ते गृहस्थ आता कुठे असतात ते कोणी सांगत नाही.

एकोणिसाव्या दिवशी नोंद झाली. डिग (डीएनएस नोंदी तपासायची आज्ञा) चालवून पाहिले तर आमच्या मेल सर्व्हरच्या नावाला शेवटी ‘इन-अ‍ॅडर डॉट आर्पा’चे शेपूट चिकटलेले! झोन फाइलमध्ये पूर्ण नावानंतर टिंब द्यायचे राहिले की सर्व्हर ते नाव अर्धवट समजतो आणि झोनचे नाव पुढे जोडतो. नवशिक्याचीही ही पहिली चूक असते, त्याबद्दल राग नाही. पण आम्ही टिंबासकट कळवल्यावर ‘राउटर रीस्टार्ट करून पाहा’ असे उत्तर आले आणि तक्रार ‘निकाली’ दाखवली गेली, याचा आहे. तेव्हापासून आम्ही बाहेरच्या रिले सेवेला (आपल्या सर्व्हरवरून आमची पत्रे पुढे पाठवणारीला) महिना १,८०० रुपये मोजून पत्रे पाठवतो आहोत.

ती नोंद टिंबासह दुरुस्त करा. ते जमत नसेल तर आमच्या आठ आयपींचा उलटा झोन आमच्याकडे सोपवा. अशा लहान ब्लॉकसाठीची पद्धत आरएफसी २३१७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये १९९८ पासून लिहिलेली आहे. रिलेचा खर्च पुढच्या बिलातून वजा व्हावा. बंद केलेली तक्रारही पुन्हा उघडावी.

सात दिवसांत नोंद दुरुस्त झाली नाही तर तुमच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाऊ. डिगचे निकाल आणि परत आलेल्या पत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. हे पत्र मुद्दाम कागदावर पाठवत आहे, कारण तुमचे मेलही गूगलवरच आहे.

कळावे,
आपला,
भागीदार व संगणक सांभाळणारा