युकुलेलेवादकांनी हवाईचे नवे अल्बमही ऐकावेत

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युकुलेले या गिटारसारख्या छोट्या वाद्यावर आलेला लेख वाचून, गेली सात वर्षे ते हौसेने वाजवणारा म्हणून मला आनंद झाला. मात्र लेखाच्या शेवटी नवशिक्यांसाठी जी श्रवणयादी दिली आहे तीत हवाई बेटांचा असा एकच अल्बम आहे, आणि तोही इझ्रायल कामाकाविवोओले यांचा १९९३ सालचा ‘फेसिंग फ्यूचर’. त्या अल्बमच्या थोरवीविषयी वाद नाही. पण तो मुळात एका गायकाचा अल्बम आहे आणि त्यातले युकुलेले गळ्याला साथ देण्यापुरते आहे. तेवढेच ऐकून शिकणारा माणूस कॉर्ड धरून ठेका देण्यापुढे सहसा सरकत नाही. ठाण्यात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून दोनदा वाजवायला बसतो, तेव्हा सगळ्यांचे उजवे हात एकाच लयीत वर-खाली होताना दिसतात. धून उचलायची वेळ आली की निम्मे जण गप्प बसतात. अशा माझ्या सहवादकांसाठी, यादीला पुरवणी म्हणून, हवाईतल्या काही अलीकडच्या अल्बमांची शिफारस करावी असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

त्याआधी एक दुरुस्ती. लेखात हे वाद्य मूळचे हवाईचे म्हटले आहे, ते अर्धेच खरे आहे. ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला लागले. त्यांच्यासोबत ‘मशेत’ हे चार तारांचे छोटे वाद्य आले, आणि त्याच जहाजातून उतरलेल्या मानुएल नुनेस, औगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो या तिघा सुतारांनी पुढे त्याला आजचे रूप दिले. हवाईचा राजा कलाकौआ याने ते दरबारात आणि हुला नृत्याच्या साथीला घेतले, म्हणून ते हवाईचे झाले. (हवाईचे लोक त्याला ‘उकुलेले’ म्हणतात, ‘यु’ आपण इंग्रजीतून उचलला.)

आता शिफारशींकडे वळतो. सर्वांत आधी डॅनिएल हो यांचा २०१० सालचा ‘पोलानी’ ऐकावा. यात गाणे नाही, ढोल नाही, दुसरे वाद्यही नाही. एक माणूस आणि एक युकुलेले, एवढाच मामला आहे. ग्रॅमी पुरस्कारांत २००५ ते २०११ या काळात हवाईयन संगीतासाठी स्वतंत्र विभाग होता आणि त्याच्या अखेरच्या वर्षी या अल्बमला नामांकन मिळाले होते. पुरस्कार त्याला मिळाला नाही, तो गायिका टिया कॅरेरे यांच्या ‘हुआना के अलोहा’ला गेला, गंमत अशी की त्या अल्बमच्या निर्मितीतही हो यांचाच हात होता. शिकणाऱ्याला ‘पोलानी’चा उपयोग असा की त्यात लपायला जागा नाही. अंगठा खालची साथ धरून ठेवतो, बाकीची बोटे धून चालवतात, आणि दोन्हींचा जोर वेगवेगळा राखलेला स्पष्ट ऐकू येतो. मी त्यातली एक रचना निम्म्या गतीने लावून ऐकली, तेव्हा माझा अंगठा आजवर किती धसमुसळा वागत होता हे मला कळले.

दुसरा अल्बम हर्ब ओहता (धाकटे) आणि ब्रायन टोलेंटिनो यांचा ‘युकुलेले फ्रेंड्स’. दोघेही उत्तम वादक असून कोणीही दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही. जोडीने वाजवणाऱ्यांनी तो मुद्दाम ऐकावा, कारण एकजण धून घेत असताना दुसऱ्याने काय वाजवू नये, हे आम्हा हौशी मंडळींना कोणी शिकवत नाही.

इथे तारांच्या जुळणीविषयी थोडे लिहिणे भाग आहे. सी हा षड्ज मानला तर युकुलेलेच्या चार तारा प, सा, ग, ध अशा लागतात. पण रूढ जुळणीत हा पंचम मंद्र सप्तकातला नसून वरचा, म्हणजे धैवताच्या अगदी शेजारचा असतो. दोन टोकांच्या तारा एकाच स्वराच्या अंतराने बोलतात आणि वाद्याची ती खट्याळ किणकिण त्यातूनच येते. काही वादक मात्र तिथे जाड तार लावून पंचम मंद्रात नेतात. थोरले हर्ब ओहता, म्हणजे रसिकांचे ‘ओहता-सान’, यांची मोठी कीर्ती याच खालच्या पंचमावर उभी आहे. आमच्यातल्या एका काकांनी त्यांची एक धून बसवण्यासाठी दोन महिने झटापट केली. धुनेतले खालचे स्वर काही केल्या सापडेनात. शेवटी लक्षात आले की ते स्वर त्यांच्या वाद्यावर नव्हतेच. तार बदलल्यावर पंधरा दिवसांत धून बसली.

जेक शिमाबुकुरो यांचे नाव बहुतेकांना ठाऊक असते, पण ते २००६ च्या सुमारास इंटरनेटवर गाजलेल्या एका चित्रफितीमुळे. त्यांचे अलीकडचे काम आपल्याकडे फारसे ऐकले जात नाही. गिटार आणि बास यांच्यासोबतचा २०२० सालचा ‘ट्रायो’ मला त्यांच्या अलीकडच्या अल्बमांत सर्वांत परिपक्व वाटतो. युकुलेलेचा स्वर छेडल्याबरोबर विरू लागतो, ही या वाद्याची जन्मजात मर्यादा आहे. ‘ट्रायो’मध्ये शिमाबुकुरो ती झाकत नाहीत, विरणाऱ्या स्वरानंतरची पोकळी ते बासला भरू देतात. २०२३ सालच्या ‘ग्रेटफुल’मध्ये त्यांच्यासोबत हवाईतलेच कलावंत आहेत, त्यामुळे आपल्याला अनोळखी असलेले तिथले अनेक आवाज एका जागी भेटतात. ड्रमवादक मिक फ्लीटवुड यांच्यासोबतचा २०२४ सालचा ‘ब्लूज एक्स्पीरियन्स’ मात्र नवशिक्याने जरा उशिरा ऐकावा. तो वाईट आहे असे नाही, पण त्यात युकुलेले अनेकदा इलेक्ट्रिक गिटारचा आवाज काढते आणि त्यावरून उजव्या हाताला शिकण्यासारखे फार कमी मिळते.

तायमाने गार्डनर यांचा २०१८ सालचा ‘एलिमेंटल’ तरुण वादकांना आवडेल. माझ्या कानाला तो थोडा नाटकी वाटतो, पण वेग आणि सफाई निर्विवाद आहे.

माझ्या पिढीतल्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. ‘हवाईयन’ म्हटले की आपल्याला आकाशवाणीवर चित्रपटगीतांच्या धुनांमधून ऐकलेली, सूर घसरत नेणारी गिटार आठवते. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवतात, आणि तिचे श्रेय हवाईच्याच जोसेफ केकुकू यांना दिले जाते. युकुलेलेशी तिचा संबंध शेजारपणाचा आहे. दुकानात ‘हवाईयन वाद्य’ एवढेच मागणाऱ्यांची त्यामुळे फसगत होते. तशीच फसगत लाटांचा आवाज मिसळलेल्या, वादकाचे नावसुद्धा न छापणाऱ्या संकलनांनीही होते. ती हॉटेलच्या लॉबीत शोभतात, पण शिकणाऱ्याच्या कामाची नाहीत.

आपण ही यादी पुन्हा कधी छापलीत, तर प्रत्येक अल्बमपुढे वादकाचा पंचम वरचा आहे की मंद्रातला, एवढी एक नोंद जरूर करावी, ही विनंती. आमच्या काकांचे दोन महिने गेले, निदान दुसऱ्या कोणाचे तरी वाचतील.

आपला,
एक वाचक, ठाणे