पलीकडच्या संध्याकाळी गाताना

सांगली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

'सेकंड लाइफ' या इंटरनेटवरच्या आभासी जगात मी गातो तेव्हा ऐकायला समोर खरोखर कुणी असते का, असे तू विचारले होतेस. असते. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी साडेसातला मी तंबोरा जुळवून मायक्रोफोनसमोर बसतो, तेव्हा त्या जगाचे घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेने चालत असल्यामुळे तिथे शनिवारच्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आणि पडद्यावरच्या अंगणात वीस-तीस जण आपापल्या अवतारांच्या, म्हणजे संगणकावरच्या बाहुल्यांच्या, रूपाने येऊन बसलेले असतात. पहिल्या दिवशी माझ्या खिडकीत कोवळे ऊन होते, म्हणून सकाळचा राग अहिरभैरव ओठांवर आला होता. पण ऐकणाऱ्यांची तिन्हीसांज मोडवेना, म्हणून संध्याकाळचा यमन गायलो.

हे जग २००३ साली सुरू झाले आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन गायिका सुझान व्हेगा तिथे गायली. पुढे एप्रिल २०२० मध्ये 'फोर्टनाइट' या ऑनलाइन खेळातल्या रॅप गायक ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमाला एकाच वेळी १ कोटी २३ लाख खेळाडू हजर होते; मात्र तो आधी रचून ठेवलेला देखावा होता, गायक त्या क्षणी गात नव्हता. माझा सूर उतरला तर तो उतरलेलाच पोहोचतो, आणि मैफल म्हणायची तर मला तेवढी जोखीम हवीच वाटते.

खरी अडचण दादेची आहे. माझा आवाज आधी स्ट्रीमच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या थेट ध्वनिप्रक्षेपणाच्या, सर्व्हरवर जातो आणि तिथून त्या अंगणातल्या प्रत्येकाच्या संगणकावर पोहोचतो. यात वीसेक सेकंद सहज जातात. मी समेवर येतो तेव्हा सगळे निःशब्द असतात, आणि पुढची आलापी अर्ध्यावर आल्यावर मागच्या समेची 'वाहवा' चॅटमध्ये उमटते. सुरुवातीला त्या शांततेने माझा धीर सुटे आणि मी बंदिश घाईने उरकत असे. आता मी प्रत्येक जागेनंतर तंबोरा थोडा वेळ एकटाच वाजू देतो.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. तिथले वादक दोन गावांतून एकत्र वाजवतात, ते असे : पहिला आपला स्ट्रीम दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तो ऐकत त्यावर वाजवतो आणि दोन्ही आवाज मिळून श्रोत्यांकडे जातात. म्हणजे तू नाशिकहून मध्यलय तीनतालाचा ठेका धरायचा आणि मी तो कानात घेऊन गायचे. पण तुला मात्र त्या वेळी माझे गाणे ऐकू येणार नाही. गणेशोत्सवात माझ्या प्रत्येक तानेकडे डोळे लावून बसणाऱ्या तुला हे जड जाईल, हे मी जाणतो. तरीही माझ्यावर विश्वास ठेवून तास-दीड तास ठेका सांभाळशील का? रविवारच्या आधी कळव.

तुझा,
जुना साथीदार