मसावि परत आणून दिल्याबद्दल

विश्रामबाग, सांगली

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलला असतात. म्हणून हे उघड पत्र.

सहावीच्या सरावाच्या ४० झेरॉक्स वाटल्या आणि पहिल्या बाकावरची पोर म्हणाली, "मॅडम, (१२, १८) = ६ म्हणजे काय?" मसावि शब्दच गायब! आकडे इंग्रजीत होते म्हणून वाचले. रात्री लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे वर आले, तेव्हा तुम्ही आधी लॉग फाइल उघडलीत. लाटेकनं, म्हणजे मी गणिताची पानं छापायला वापरते त्या प्रणालीनं, आपल्या कामाच्या या नोंदवहीत गुपचूप लिहून ठेवलं होतं, की गणिताच्या फाँटमध्ये ही अक्षरं नाहीत. ती फाइल उघडतं कोण?

तोवर मी ‘जीसीडी’ही (मसाविचं इंग्रजी नाव) तशीच तीन अक्षरं टाइप करून लिहीत होते. तुम्ही हसून म्हणालात, "हा जी गुणिले सी गुणिले डी झाला." एक्स-वायसारखी चल अक्षरं तिरकी, क्रियेचं नाव सरळ, हे फळ्यावर कधी जाणवलंच नव्हतं. मग मी नुसती अक्षरं सरळ करून पाहिली, तर ‘रँक ए’ लिहिताना ‘रँक’ हे क्रियेचं नाव पुढच्या ए ला चिकटलं. नाव सरळ दिसणं वेगळं आणि ते क्रिया असल्याचं लाटेकला कळणं वेगळं. ते कळलं की पुढे अक्षर आल्यावर बारीक फट आपोआप पडते आणि कंस आला तर पडत नाही. त्यासाठीच्या आज्ञा दोन: एकदाच लागणाऱ्या नावाला ‘ऑपरेटरनेम’, वारंवार लागणाऱ्याला फाइलच्या सुरुवातीलाच ‘डिक्लेअरमॅथऑपरेटर’. त्या आज्ञेपुढे तारा (*) दिला, की वेगळ्या ओळीतल्या सूत्रात खालची अट नावाच्या बरोबर खाली बसते. मराठी नाव मात्र आत ‘टेक्स्ट’ या आज्ञेत गुंडाळायचं, म्हणजे ते गणिताच्या फाँटऐवजी मजकुराच्या फाँटमध्ये येतं. माझं सगळं अडलं होतं ते इथंच.

जीसीडी लाटेकमध्ये तयार मिळतो, एलसीएम (लसावि) मात्र नाही. हा दुजाभाव का, ते तुम्हीही सांगितलं नाहीत. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना स्वतःच्याच पुस्तकाची छपाई आवडली नाही म्हणून त्यांनी १९७७ साली टेक्सचं, म्हणजे लाटेक ज्यावर उभं आहे त्या प्रणालीचं, काम हाती घेतलं, हे सांगताना मात्र तुमचा चहा गार झाला.

आता मसावि आणि लसावि दोघेही माझ्या फाइलच्या डोक्यावर बसलेत. नव्या ४० प्रती वाटून झाल्या. शनिवारी भडंग घेऊन वर येते. ‘साइन’च्या जागी ‘ज्या’ लिहायचं डोक्यात आहे, तेही दाखवीन.

आपली,
खालच्या मजल्यावरची क्लासवाली